दारात ठेवलेलं कटर

"मिस्त्री, जीव हाय का बघा ह्यात."

रवळू नांदवडेकरचा तो आवाज इतक्या वर्षांनी अजून माझ्या कानात आहे. घोगरा, खालच्या पट्टीतला. आजारी लेकराला दवाखान्यात आणणाऱ्या बापाचा असतो तसा. खांद्यावरचं पोतं त्यानं आमच्या दुकानाच्या फळीवर टेकवलं, तोंड सोडलं आणि भुशानं, तेलानं माखलेलं झाडं कापायचं मशीन बाहेर काढलं. आमच्या भागात सगळे त्याला कटरच म्हणतात. वरचं झाकण तारेनं बांधलेलं, मूठ चिंध्यांनी गुंडाळलेली, साखळीचे दात म्हाताऱ्याच्या दातांसारखे कुठं आहेत, कुठं नाहीत.

माझा धाकटा भाऊ सदा तेव्हा बाकावर बसून पोहे खात होता. गडहिंग्लजला नव्या मशिनांच्या दुकानात तो कामाला होता. त्यानं ताटली खाली ठेवली आणि कटराकडं बघून हात जोडले.

"रवळूदा, ह्याचं बारावं कधी घातलंसा? आमाला सांगावाबी न्हाई?"

"हास तू," रवळू म्हणाला. "नवं घ्यायची ऐपत असती तर पोतं पाठीवर टाकून घाट चढलो असतो व्हय?"

"अहो, पर ह्याच्यावर घालणारा पैसा पाण्यात. ह्याचं सामान कंपनी बनवतच न्हाई आता. दाजी, तुमीच सांगा त्यास्नी."

दाजी म्हणजे आमचे हे. केदारी लोहार. तिठ्यावरचं दुकान यांच्या वडिलांचं. तिथं पूर्वी भट्टी होती, भाता होता, कुऱ्हाडी-कोयते पाणी पिऊन बाहेर पडायचे. माझी सासू भाता ओढताना गायची,

भाता ओढीते गं बाई, कोळशाचं झालं सोनं
धन्याच्या गं कपाळाला, घामाचं गं गोंदणं

कुऱ्हाडी गेल्या, कटरं आली. भट्टीच्या जागी ह्यांनी लाकडी फळी टाकली, भिंतीला पाने टांगले आणि लोहाराचे मिस्त्री झाले. गोंदण तेवढं राहिलं, सोनं काही झालं नाही. जुन्या कटराला एकेक सुटा भाग शोधायला हे कधी बेळगावला जायचे, कधी निपाणीच्या भंगारात दिवस काढायचे, आणि गिऱ्हाईक हातावर टेकवायचं ते एसटीच्या भाड्यालाही पुरायचं नाही. मी किती वेळा म्हटलं, "अवं, मेलेल्याला उठवायचा धंदा कुणाला परवडलाय का?" हे म्हणायचे, "उठतंय की पर, हौसा."

सदा त्या दिवशी नुसता पोहे खायला आला नव्हता. त्याच्या मालकाला हाताचा तयार माणूस हवा होता. पगार, रविवारची सुट्टी, दिवाळीला कपडा. मी तर मनात भाड्याची खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

"दाजी, मालक रविवारपतोर थांबतो म्हणालेत," सदा म्हणाला. "व्हय का न्हाई, सांगून टाका."

ह्यांनी कटर उचलून कानाशी धरलं, हळूच हलवलं, आतला खुळखुळ ऐकला. मग मुठीवरच्या चिंध्या सोडवत म्हणाले, "ह्याच्यावर सोड. हे उठलं तर मी हितंच. न्हाई उठलं तर रविवारी तुझ्या मालकाच्या दारात."

"लागली पैज!" सदानं मांडीवर थाप मारली. "अक्का, सामान बांधायला घे."

रवळू दोघांकडं बघत राहिला. आपल्या कटरावर कुणाचा तरी संसार टांगला गेलाय हे त्याला समजलं असावं. जाताना मला म्हणाला, "वैनी, माझ्यावर राग नको. परसूच्या पोरीचं लगीन धरलंय. दोघं भाऊ मिळून फणसाची दोन झाडं तोडाय घेतल्यात. कटराबिगर हात बांधल्यासारखे झाल्यात बघा."

परसू त्याचा धाकटा भाऊ. रवळू कापायचा, परसू दोर ओढायचा, फांद्या बाजूला करायचा. सगळा डोंगर त्या दोघांना जोडीनंच ओळखायचा.

त्या रात्री ताटात भाकरी वाढताना रवळनाथाला मनात म्हटलं, देवा, तेवढं कटर उठू देऊ नको.

ह्यांनी कटर सगळं सोडवलं. फळीवर जुनं धोतर अंथरून त्यावर सुट्या भागांची रांग लावली, जशी मी उन्हात सांडगे लावते. काजळी खरवडली, पिस्टन रॉकेलात भिजत घातला, एका मोडक्या कटराची स्प्रिंग काढून रेसच्या खटक्याला बसवली. रेसचा खटका म्हणजे मुठीतली बोटानं दाबायची कळ. दाबली की साखळी फिरते, सोडली की थांबते. तो खटका ह्यांनी इतक्या वेळा दाबून सोडून बघितला, की टक-टक आवाजानं माझं डोकं उठलं.

"झिजवता का काय आता त्याला?"

"ह्याच्यावरच सगळा खेळ असतोय," हे म्हणाले. "सोडल्यावर उलटा आला पायजे. लगेच."

मग बेळगावला गेले आणि संध्याकाळी चार काळी रबरं घेऊन आले. अंगठ्याएवढी. मी विचारलं, "हे कशाला? ह्याच्याबिगर चालत न्हाई का मशीन?"

"चालतंय की. सगळे तसंच चालवत्यात."

"मग कशाला जादाचा खर्च?"

"ही मूठ आणि मशीन ह्यांच्या मधी बसत्यात. थरथर पितात. ही नसली की सगळी थरथर माणसाच्या हातात. मशीन चालतंय गं, पर धरणारा चालाय नको?"

मी तोंड वेडावलं आणि आत गेले. खरं सांगते, त्या वेळी मला त्या रबरांचाच जास्त राग आला होता. ज्यांच्याबिगर चालतं, त्यांच्यासाठी एक आख्खा दिवस.

शनिवारी दुपारी कटर उठलं. दोनदा दोरी ओढली, नुसतंच खोकलं. तिसऱ्यांदा ओढली आणि दुकान निळ्या धुरानं भरून गेलं. रस्त्यापलीकडचा चहावाला किटली घेऊन धावत आला, एसटीची वाट बघणाऱ्या बाया कानावर पदर घेऊन हसायला लागल्या. आणि हे? लग्नात हळद लागल्यावर दिसले नसतील इतके छान दिसत होते. एक वाळका ओंडका पायाखाली धरून त्यांनी कटर टेकवलं, तर लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. भुसा उडून त्यांच्या मिशांवर बसला.

"आलं का न्हाई? हौसा, आलं का न्हाई?"

काय करणार, मीही हसले. मनातली गडहिंग्लजची खोली डोळ्यांसमोर रिकामी झाली, तरी हसले. त्या माणसाचा आनंद बघवत नव्हता असं नाही. बघत राहावासा होता, म्हणूनच तर इतकी वर्षं त्या तिठ्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळू कटर न्यायला आला तेव्हा मी दळण घेऊन गिरणीवर गेले होते. परतताना तो मला वाटेत भेटला. खांद्यावर कटर, अंगात परीटघडीचा शर्ट. "वैनी, मिस्त्रीच्या हाताला सोन्याची कडी घाला," म्हणाला आणि उतार उतरून गेला. मी घरी आले तर हे फळीवर बसलेले, रस्त्याकडं बघत. चहा विचारला तर मान हलवली. मला वाटलं, आठवड्याचा शीण उतरतोय.

आणि मंगळवारी ती बातमी आली.

फणस आडवा झाला होता. रवळू फांद्या उतरवत होता. एक फांदी झाली, तो मागं सरला, कटर खाली केलं, साखळी थांबली असं धरून वळला, आणि परसू तुटलेली फांदी ओढायला पुढं आला. साखळी थांबली नव्हती. परसूचा पाय गुडघ्याखाली गेला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय काही वाचवता आला नाही.

रवळूनं सगळ्यांना एकच सांगितलं. "मी खटका सोडला हुता. देवाशपथ सोडला हुता. खटका अडकला."

मग आणखी काय हवं? केदारी मिस्त्रीनं भंगाराची स्प्रिंग घातली होती, हे चहावाल्यापासून एसटीच्या बायांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सदाही म्हणून गेला, "अक्का, मी सांगत हुतो का न्हाई? जुन्याचा नाद लई वंगाळ."

आमच्या बाजूला तेव्हा एक रीत होती. आता उरली नाही. ज्या हत्यारानं माणसाचं रक्त सांडलं, ते घरात ठेवायचं नाही, विकायचंही नाही. शेवटचा हात ज्या लोहाराचा लागला, त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचं. काही बोलायचं नाही, भांडायचं नाही. मग लोहारापुढं दोन वाटा. चार माणसांसमोर तेच हत्यार चालवून दाखवायचं, निर्दोष निघालं तर ठपका चालवणाऱ्यावर. नाहीतर मुकाट्यानं उचलून आत न्यायचं. उचललं की दोष घेतला, आणि त्यानंतर त्या लोहारानं पुन्हा हत्याराला हात लावायचा नाही. सासऱ्यांच्या दारात एकदा कोयता आला होता. त्यांनी तिथल्या तिथं उसाचं कांडं त्यानं तासून, दांडा आपटून दाखवला होता आणि लोक माना घालून परत गेले होते.

कटर परसूच्या आईनं आणलं. तानाई. वाळकी काटकी बाई, पण कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः कडेवर घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली. मागं दहा-वीस माणसं. सगळ्यांच्या मागं रवळू, खाली मान घालून, दोन्ही हात काखेत दाबून.

मी दारातच होते. ह्यांच्याकडं बघितलं. भीती वाटली नाही मला, उलट धीर आला होता. तो खटका किती वेळा टक-टक वाजला होता ते माझ्या कानांना माहीत होतं.

"ओढा दोरी," मी म्हटलं. "दाखवा चालवून. सगळ्यांस्नी दाखवा."

हे हलले नाहीत.

"अवं, ओढा की! तुमचं काय चुकलंय?"

तानाई म्हणाली, "वाजव बाबा. वाजत असंल तर वाजव. माजा एक ल्योक लंगडा झालाय, दुसरा खोटा ठरंल. तेबी बघू दे मला."

हे खाली बसले. कटरावरून हात फिरवला. एवढं रक्त वाळलेलं असूनही ह्यांनी हात मागं घेतला नाही. दोरीच्या मुठीपर्यंत बोटं गेली. मी मनात म्हणत होते, ओढा, ओढा, ओढा. मग ह्यांनी मान वर केली, माणसांवरून नजर लांब टाकून मागं उभ्या असलेल्या रवळूला बघितलं. रवळूनंही बघितलं. आणि ह्यांनी दोन्ही हातांनी कटर उचललं, कपाळाला लावलं आणि आत घेऊन गेले.

तानाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सगळे पांगले. इतकं सोपं होतं एका माणसाचं नाव पुसणं.

मला राहवलं नाही. हे मागच्या दारी जाऊन बसले तशी मी दुकानात शिरले. कटर फळीवर होतं. खटक्यावर बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. टक. उलटा आला. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. लगेच उलटा. किती तरी वेळा केलं, एकदाही अडकला नाही. तसंच कटर दोन्ही हातांत धरून मागच्या दारी गेले.

"हे अडकत न्हाई," मी ओरडलेच. "तुमास्नी ठाऊक हुतं ना? मग का उचललंत? कशापायी? कोण लागतोय त्यो रवळू तुमचा?"

"ठेव ते खाली."

"आधी सांगा!"

"ठेव, हौसा."

त्यांनी परड्यात खड्डा काढला, कटर पुरलं आणि भिंतीवरचे पाने उतरवून पोत्यात बांधले.

मी सदाला गडहिंग्लजच्या मालकाकडं पुन्हा शब्द टाकायला सांगितलं, तर त्यानं निरोप धाडला, आता नको म्हणून. रक्ताचा ठपका असलेल्या माणसाकडून नवं मशीन कोण घेणार? मग हे काजूच्या कारखान्यात लागले. काजूच्या टरफलाचं तेल हातांना लागलं की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. ज्या हातांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली, ते हात वाटीत वरण कालवताना ठणकायचे. मी राखेनं, खोबरेलानं चोळायची आणि चोळताना टोचून बोलायची. "दानशूर कर्णच की आमचे. दुसऱ्याचं पाप पदरात घेऊन बसल्यात." हे मात्र हात काढून घ्यायचे नाहीत. आमच्यात त्यानंतर जे काही बोलणं झालं ते मिठाचं, सरपणाचं, पावसापाण्याचं. शेजारी म्हणायचे, किती शांत घर आहे. पाणी आटलेली विहीरही शांतच असते.

रवळूनं नंतर कटर हातात धरलं नाही. लोक म्हणाले, भावाच्या दुःखानं धरवत नाही. देवळाच्या कट्ट्यावर बसून असायचा. परसूनं कुबडीवर उभं राहून पानाची टपरी चालवली, पोरीचं लग्नही कसंबसं उरकलं. बाजारात मी समोरून आले की रवळू वाट सोडून खाली उतरायचा. मला बरं वाटायचं. म्हणायची, जळू दे. खोटं बोललाय, जळू दे त्याला जन्मभर.

असाच तो गेला. एका उन्हाळ्यात, कट्ट्यावर बसल्या बसल्याच. हे मातीला गेले. मी जाऊ नका म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दुपार कलल्यावर परत आले आणि अंघोळीशिवाय घरात यायचं नाही म्हणून मागच्या दारी दगडावर बसले. मी पाण्याची बादली आणली. डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि माझी जीभ सुटलीच.

"पोचवून आलात? चांगलं झालं. आता तरी सांगा लोकांस्नी, त्यो खोटं बोलला हुता म्हणून."

पाणी त्यांच्या कानांवरून निथळत होतं. "खोटं न्हाई बोलला त्यो," हे म्हणाले.

तांब्या माझ्या हातातच राहिला.

"खटका सोडलाय असं त्याला खरंच वाटलं हुतं. आपलं बोट उचललंय का दाबलंय, ते त्याला कळतच नव्हतं, हौसा. बोटं मेली हुती त्याची. वर्षानुवर्षं रबराबिगरचं कटर धरून. पांढरी फटक पडायची, सुई टोचली तरी कळायचं न्हाई. नवी रबरं मी घातली, पर ती मशीनला. हात कुठनं दुरुस्त करणार?"

"हे तुमास्नी नंतर कळलं?"

"आधी."

परड्यात कुठंतरी होला घुमत होता. मी दुसरा तांब्या भरला नाही. ते तसेच ओलेते बसून राहिले, काळवंडलेले हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मग जे इतकी वर्षं दातांखाली धरलं होतं, ते एकेक करून बाहेर आलं.

"त्या रविवारी तू गिरणीवर गेली हुतीस. त्यो कटर न्यायला आला. म्हणाला, परसूच्या पोरीच्या लग्नाचं बोलाय पाव्हणं यायच्यात, घरी जाऊन तसंच बसायचंय, जरा धड दिसू दे मला. शर्ट अंगात हुता, पर उघडा. म्हणाला, मिस्त्री, तेवढी बटणं लावून द्या. परसूला सांगायची लाज वाटती. मी म्हटलं, तुझी तुला लावता येईनात? तर हसला आणि बोटं माझ्यापुढं धरली. म्हणाला, कुणाला बोलू नका, पोरीचं लगीन हुईपतोर तरी. मला तिथंच समजलं, हौसा. ज्याला बटण गवसत न्हाई, त्याला खटका कसा गवसंल? म्हणायला पायजे हुतं, कटर ठेव हितं, जा घरी. पर शनिवारी ते मशीन उठलं हुतं. सदा हरला हुता. सगळा तिठा बघाय जमला हुता. ते परत फळीवर पडून राहिलं असतं तर मी कशासाठी उठवलं म्हणायचं? मला ते झाडाला लागलेलं बघायचं हुतं. म्हणून गप ऱ्हायलो. खाली वाकून त्याची बटणं लावली. गळ्यापतोर सगळी लावली. आणि त्याच हातानं कटर उचलून त्याच्या खांद्यावर दिलं."